जेर्मानोंचा बाण

देवमाशांची शिकार बंद झाल्यापासून पिको बेटावरचे जेर्मानो टेहळणीच्या बुरुजाकडे फिरकले नव्हते. त्यांची मुलगी ओदिलिया आता पर्यटकांना देवमासे दाखवण्यासाठी होडी चालवीत असे. तिच्या आग्रहाखातर आज ते तिच्या होडीसाठी देवमासे हेरायला वर चढले. मात्र आपली नजर अजून साथ देईल का, ही धास्ती मनात होतीच. दूरवर देवमाशाचा फवारा उडताच, वायरलेसवर तिला कळवायचे भान न राहून त्यांनी पूर्वीसारखा शिकारीच्या इशाऱ्याचा दारूचा बाण उडवला. गावातले म्हातारे शिकारी हातचे टाकून धक्क्यावर धावले. एकाच्या गालावर दाढीचा फेस तसाच होता.

"बाबा, काय करून ठेवलंत हे?" ओदिलिया वायरलेसवर ओरडली. "या सगळ्यांचं आता काय करू?"

"बसव होडीत, पोरी. भाले तेवढे घरी ठेवायला सांग. आणि दक्षिणेला वळ, फवारा स्वच्छ दिसतोय मला!"