गळ्यातल्या नळीचे दिवस

शाळा माझी चौथीपर्यंत. बाकीचं कापड विणायच्या मागावर शिकलो, म्हणून कुणी शिकवायला लागलं की माझं डोकं फिरायचं. सोलापुरात चादरीच्या कारखान्यात होतो तेव्हाची, सत्तरच्या पुढच्या सालातली ही गोष्ट. घशात गाठ आली, श्वास कोंडला, आणि सरकारी दवाखान्यात गळ्याला भोक पाडून धातूची नळी बसवली. तिच्या आत आणखी एक बारीक नळी. श्वास तिथूनच. बोलायचं तर भोकावर बोट धरायचं.

घरी सोडताना नर्सबाईंनी आतली नळी काढून दाखवली. "रोज दोनदा काढा, ब्रशनं धुवा, उकळा. श्वास अडला तर आधी हीच काढायची. मावशी, तुम्हीपण बघून घ्या," त्या माझ्या बायकोला म्हणाल्या.

मी बायकोला म्हटलं, "तू बाहेर बस." त्या भोकाची मला लाज वाटायची. ती दाराशी जाऊन उभी राहिली.

पंधरा-वीस दिवस मीच केलं. मग ब्रशचे केस झडले. नवा आणायला परत दवाखान्यात कोण जाणार? सगळ्याचाच वीट आला होता. खोकून छाती दुखायची, झोप बसल्या बसल्या, जेवणाला चव नाही. कारखान्यात आम्ही तेलकट हात असोत की यंत्र, सगळं टाकाऊ सुतानंच पुसायचो. घरात त्याचा गोळा होताच. चार दोरे पिळून नळीतून ओढले. लख्ख झाली. घातली गळ्यात.

आत धागे अडकलेत हे मला दिसलं नाही. सकाळभर नळी शिट्टीसारखी वाजत होती, मी लक्ष दिलं नाही. धाग्यांवर कफ साचत गेला आणि दुपारी श्वास आत जाईना. आतली नळी अडकवून ठेवणारी कडी फिरवायची, एवढं ठाऊक होतं. पण घाईत चाचपडताना कडी सापडेना. बायको ज्वारी निवडत होती, ती सूप टाकून आली. तशातही मी तिचा हात ढकलला.

"गप बसा की वो," म्हणाली. कडी फिरवून नळी ओढली. श्वास आत गेला.

मग तिनं सुईनं बोळा काढून माझ्यापुढं धरला. "ह्ये काय घातलंय?"

"पुसायला घेतलं होतं सूत."

"माग हाय व्हय ह्यो?"

मी विचारलं, "तुला काढायला कुणी शिकवलं?"

"दारातनं बघितलं की. मला भाईर बसवलं, डोळं न्हाई बसवलं."

त्या दिवसापासून नळी तिच्याकडं. सकाळ-संध्याकाळ मी मान वर करून, डोळे मिटून बसायचो. ती उकळलेली नळी गार करून घालायची, गळ्यावर ओलं फडकं बांधायची.

महिन्यानं दवाखान्यात डॉक्टरांनी बघितलं. "नळी चांगली ठेवलीय. कोण करतं?"

मी उत्तर द्यायच्या आधी तीच म्हणाली, "तेच करत्यात."

खरं सांगायची पाळी माझी होती. डॉक्टर लिहीपर्यंत वेळही होता. मी भोकावर बोट नेलंच नाही. येताना ती पुढं चालत होती. एवढ्याशा वाटेनं मला दम लागला, तशी ती थांबली, आणि मी पोचल्यावर परत चालू लागली.