सुपाचं भाडं

गोरेगावच्या आठवडी बाजारात सूप घ्यायचं असेल, तर आधी सुपाला हात लावू नये. टोपल्या पाहाव्या, झाडू उचलून ठेवावा, आणि निघता निघता सहज विचारल्यासारखं सुपाचा भाव विचारावा. त्या दिवशीही मी तसंच केलं. टोपल्या-सुपं विकणारी म्हातारी मला ओळखून आहे, त्यामुळे तिनेही माझ्याकडे बघायची घाई केली नाही.

"दीडशे," ती म्हणाली.

"सोन्याचं आहे काय?"

"सोन्याचं असतं त तुमी इथं आले असते काय, सेठ?"

मी शंभर म्हणालो. ती म्हणाली, शंभरात नुसता बांबू येते, इणाईचे कोन देईल? मी पाठ फिरवली आणि चालायला लागलो. बायको तिथेच थांबली. ही आमची ठरलेली पद्धत आहे. मी निघून जातो, ती रेंगाळते. विकणाऱ्याला माझी पाठ दिसते आणि मालावरून फिरणारा तिचा हात दिसतो. मग त्याला वाटतं, गिऱ्हाईक अर्धं गेलं, अर्धं उरलं आहे. मी पानठेल्यापाशी पोचायच्या आत मागून हाक आली.

"ओ सेठ, या इकडे. घेऊन जा. एकशेवीस द्या."

आयुष्यभर मी याच हाकेवर कमावलं. घरची शेती भावांनाच पुरत नव्हती, म्हणून तयार कपड्यांचं गाठोडं घेऊन मी बाजार करायला लागलो. आज गोरेगाव, उद्या सडक अर्जुनी, मग कोहमाऱ्याच्या तिठ्यावर ट्रकवाल्यांना लुंग्या नि बनियनी. माल घेताना मी निघून जायचो आणि व्यापारी हाक मारायचा. आता पक्कं दुकान आहे, पण सवय तीच. एसटीच्या कंडक्टरांशीही मी वर्षानुवर्षं भांडलो. गाठोड्याचं लगेज लागेल म्हणाले, की मी गाठोडं खाली ठेवायचो, म्हणायचो, "राहू द्या, मागची गाडी आहे." मागची गाडी नसायचीच. कंडक्टरलाही ते माहीत असायचं. पण ड्रायव्हर हॉर्न वाजवायचा, बसलेले लोक ओरडायचे, आणि शेवटी कंडक्टर म्हणायचा, "चढवा काका, अर्धंच तिकीट फाडतो."

सूप घ्यायचं कारण म्हणजे मुलीला मुलगा झाला होता, हैदराबादला. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायला पाहिजे, पण तिची नोकरी तिकडे, डॉक्टर तिकडचा, आणि शेवटच्या महिन्यात प्रवास नको म्हणून सासरच्यांनी तिला तिकडेच ठेवलं.  बायकोने डिंकाचे लाडू करायला घेतले आणि बाळंतपणाच्या आधी पोचू असं तिकीट काढायला सांगितलं. बाळ त्याच्याही आधी आलं. त्या तिकिटाने बारसंही हुकलं असतं; बदलून मिळालं ते बारशाच्या आदल्या दिवसाचं.

आमच्या घरी बारशाला बाळ पाळण्यात घालण्याआधी सुपात ठेवतात. सुपात नवे तांदूळ पसरायचे, त्यावर धुतलेलं मऊ लुगडं, आणि त्यावर बाळ. सूप आईच्या माहेरचं लागतं. जावई फोनवर म्हणाले, "आई, इथेही मिळतात सुपं, मी आणून ठेवतो." बायको म्हणाली, "ठेवू नका." एवढंच. फोन ठेवल्यावर मला म्हणाली, "बाळंतपण तं गेलं आपल्या घरून. सूप तरी नेऊ."

विमानाचं तिकीट सगळ्यात स्वस्त काढा, हे मीच जावयांना सांगितलं होतं. त्या तिकिटावर फक्त हातातलं सामान नेता येतं. माणशी एक बॅग, सात किलोची, आणि बाईजवळ एक पर्स. जावयांनी नियमांचा मोठा मेसेज पाठवला होता. मी सात किलो वाचलं आणि पुढचं वाचलं नाही. गाठोड्याचं वजन हा माझ्या कामाचा भाग आहे. शेजारच्या किराणा दुकानातल्या काट्यावर दोन्ही बॅगा ठेवून पाहिल्या. बायकोच्या बॅगेत लाडू, तांदूळ, कपडे, सात किलोला थोडे कमी. माझ्या बॅगेत सूप आणि माझे कपड्यांचे दोन जोड, चार किलोसुद्धा नाही. मनात म्हटलं, तीन किलो तुमचे तुम्हाला माफ.

ही बॅग मी मुद्दाम शिवून घेतली होती. सूप बाजारातल्या कुठल्याच बॅगेत मावेना, तेव्हा दुकानासमोरच्या टेलरला सूपच नेऊन दिलं आणि म्हटलं, याच्या मापाची शिव. जाड कापड, वर चेन, दोन बंद. आमच्या धंद्यात असंच करतात. माल पाहून गाठोडं बांधतात. गाठोडं पाहून माल कापत नाहीत.

विमानतळावर पहिल्या तपासणीत एका जवानाने बॅग उघडायला लावली. दुसऱ्याने लांबूनच पाहिलं आणि म्हणाला, "सूपा है, जाने दे." बायको हसली. सकाळपासून पहिल्यांदाच.

विमानात सोडण्याच्या दारापाशी लोखंडी पट्ट्यांचा एक चौकोनी सांगाडा ठेवलेला होता. तो मी आल्याआल्या पाहिला होता आणि मला वाटलं होतं, छत्र्या ठेवायला असेल. रांगेत आमचा नंबर आला तेव्हा गणवेशातल्या पोरीने माझ्या बॅगेकडे पाहिलं.

"अंकल, ये इसमें डालिए."

मी बॅग सांगाड्यावर ठेवली. ती आत गेलीच नाही. दोन्ही बाजूंनी वीतभर बाहेर. मी तिरपी करून पाहिली, मग वरून दाबली. आत बांबू करकरला.

"दाबू नका," बायको म्हणाली.

"सर, साइज ज्यादा है. गेटवर चार्ज लागेल." आणि तिने आकडा सांगितला. माझ्या तिकिटाच्या निम्म्याहून जास्त.

"काट्यावर ठेवा," मी म्हणालो. "चार किलो नाही भरत. सात सांगितले होते तुम्ही."

"वेट का सवाल नहीं है सर. साइज."

"आत हवा आहे. हवेचे पैसे घेता काय?"

"सर, नियम सगळ्यांना सेम आहे."

मागच्या रांगेतून, तपासणीत सूप पाहिलेलं कुणीतरी म्हणालं, "सूपा लेके हैदराबाद कौन जाता है?" दोघंतिघं हसले. बायकोने मान वळवली नाही, पण पदर सारखा केला. तिचं असं करणं मी ओळखतो. माझं डोकं तिथे फिरलं.

"बरं," मी म्हणालो. "शेवटचं बोला."

पोरीला समजलं नाही.

"शेवटचं. किती घेणार?"

"सर, सिस्टम में एक ही रेट है."

"मग सिस्टमवाल्याला बोलवा. मी त्याच्याशी बोलतो."

"काका, दे दो ना," मागचा म्हणाला. "विमान तुमच्या एकट्याचं नाही."

"नाही देत," मी म्हणालो, आणि पाठ फिरवून चालायला लागलो.

काचेजवळ खुर्च्या होत्या, तिथे जाऊन बसलो. बाहेर विमान उभं होतं, पायऱ्या लावलेल्या, लोक चढत होते. निघून गेल्यावर मागे वळून पाहायचं नसतं. पाहिलं की भाव चढतो. पण काचेत मागचं थोडं दिसत होतं. बायको त्या सांगाड्यापाशी उभी होती, बॅगेवर हात ठेवून, जशी बाजारात उभी राहते तशीच. पोरगी मात्र तिच्या हाताकडे पाहत नव्हती, माझ्या पाठीकडेही नाही. ती पडद्याकडे पाहत होती आणि पुढच्या माणसाचा कागद मशीनला लावत होती. प्रत्येक कागदाला मशीन टीं करायचं.

मी थांबलो. आता हाक मारेल. रांग कमी झाली की मारेल, लोकांसमोर भाव उतरवायला लाजत असेल. रांग कमी झाली. ज्याने मला काका म्हटलं तोही पायऱ्या चढून गेला. मशीनचं टीं टीं थांबलं. त्यानंतरचं विमान उद्या नव्हतं, परवा होतं, आणि बारसं उद्या सकाळी होतं. हे मला माहीत होतं. पण मागची गाडी नाही, हे तर मला प्रत्येक वेळी माहीत असायचं. तेव्हा कंडक्टरच आधी वाकायचा.

मग स्पीकरवर माझं नाव आलं, आडनाव मोडून. मी जागचा हललो नाही. वाटलं, आली हाक. पण पुढे म्हणाले, ही शेवटची सूचना आहे, दार बंद होत आहे. भावाचं काही म्हणाले नाहीत. 

"ओ सेठ."

हा आवाज बायकोचा होता. इतक्या वर्षांत तिने मला कधी सेठ म्हटलं नव्हतं.

"ओ सेठ, या इकडे."

मी गेलो. ती हळू बोलली, पण पोरीला ऐकू जाईल इतकं.

"कायले बसले तिकडे? थे पोरगी हाक माराची नाई. निघून जायाले माल दुसऱ्याचा लागते. हा आपला हाये. द्या जे मागून राहिले ते."

मी मोबाइल काढला. पहिल्यांदा पिन चुकला. दुसऱ्यांदा लागला आणि पैसे गेल्याचा आवाज आला. पोरीने पावती दिली, बॅगेच्या बंदाला कागदी पट्टी चिकटवली आणि भिंतीशी उभ्या असलेल्या माणसाला खूण केली.

"हे कुठं नेता?" बायकोने विचारलं.

"नीचे, कार्गो में. हैदराबाद में बेल्ट पर मिलेगा."

"फेकतात काय तिथं?"

पोरीने ‘नाजूक’ छापलेली एक चिठ्ठी काढली. "आंटी, मैं स्टिकर लगा देती हूँ."

बायकोने बॅग परत ओढली. चेन उघडली, सूप बाहेर काढलं. खांद्यावरची पर्स काढून बॅगेत माझ्या कपड्यांवर ठेवली, चेन लावली आणि बॅग त्या माणसाच्या हातात दिली.

"न्या."

"आंटी, ये हाथ में अलाउड नहीं है."

"काऊन? बॅगचे पैसे घेतले ना? बॅग देली. बाईले एक पर्स चालते म्हनता ना? माही पर्स गेली बॅगेत. आता हेच माही पर्स."

"आंटी, ये पर्स नहीं है."

"तुमच्या पर्सीत काय ठेवता? पैसे. आमी याच्यात नातू ठेवू."

पोरगी माझ्याकडे पाहायला लागली, जणू मी काही समजावीन. मी काय समजावणार? मी पावतीवरचा आकडा पाहत होतो. एवढ्यात तिच्या हातातल्या वॉकीटॉकीवर कुणीतरी खेकसलं, आणि बाहेरच्या दारात उभा असलेला तिचा साहेब म्हणाला, "जाने दो यार, डोअर क्लोज करना है."

बायको सूप छातीशी धरून उन्हातून चालत गेली. मी तिची सात किलोची बॅग घेऊन मागे. पायऱ्या चढताना वाऱ्याने सूप उडू पाहत होतं, आणि ती दोन्ही हातांनी धरून, कठडा न पकडता चढली. मी मागून हात आडवा धरला होता. पडली असती तर तोही हिशेब मी त्या सिस्टमवाल्याकडेच मागितला असता.

आत सगळे बसले होते आणि आमच्याकडे पाहत होते. हवाई सुंदरीने सूप बायकोच्या हातातून घेतलं, डोक्यावरचा कप्पा उघडला आणि सूप आडवं आत सरकवलं. ते गेलं. आरामात गेलं. शेजारी माझ्या बॅगेसारखी अजून एक मावली असती. कप्पा टक्‌ करून लागला.

मी उभाच राहिलो. "मग पैसे कशाचे घेतले?"

"सर, प्लीज बसा."

"मावतं ना इथं? दिसतंय ना तुम्हाला? मग कशाचे घेतले?"

"सर, ते गेटवरच्या स्टाफला विचारावं लागेल."

"बसा," बायको म्हणाली. मी बसलो. विमान सुटल्यावर हवाई सुंदरी गाडी ढकलत आली आणि पाणी हवं का विचारलं. बायको माझ्या कानाशी म्हणाली, "नाई म्हना. त्याचेही लागतील." ती हसली. मी हसलो नाही. आजही मला ते हसण्यासारखं वाटत नाही. मी कंपनीला पत्र पाठवलं, कप्प्याचं सगळं लिहून. उत्तर आलं, आपल्या अभिप्रायाबद्दल धन्यवाद. मी अभिप्राय दिलाच नव्हता. मी पैसे परत मागितले होते.

दुसऱ्या दिवशी बारसं झालं. जावयांनी जमिनीवर चादर अंथरली, बायकोने गोरेगावहून आणलेले तांदूळ सुपात पसरले, वर तिचं जुनं लुगडं घातलं. मुलीने बाळ ठेवलं. ते दचकलं, हात पसरले, आणि दोन्ही मुठी सुपाच्या कडेला लागल्या. मुलगी आईकडे पाहत राहिली. बायकोने नजर खाली ठेवली आणि बाळाचे पाय लुगड्यात गुंडाळले, गरज नसताना पुन्हा एकदा.

विहीणबाईंनी सुपाच्या कडेवरून बोट फिरवलं. "फार सुबक आहे हो. असं इथे नाही मिळत. कितीला पडलं?"

मी तोंड उघडलं. सगळा आकडा माझ्या जिभेवर होता, सूप, टेलर, गेट, सगळा मिळून.

"शंभरले," बायको म्हणाली.

दिलेले एकशेवीससुद्धा नाही, मी बाजारात मागितलेला भाव. मी तोंड मिटलं. ती माझ्याकडे पाहत नव्हती. बाळ सुपात झोपायला लागलं होतं.