ओहोळापर्यंतचं बोलणं

वाडीवर खरं बोलणं पाहुणा उठल्यावर सुरू होतं. ओट्यावर बसून जे सांगितलं जातं ते सगळ्यांसाठी असतं. भात किती झालं, म्हातारा किती खोकतो, रेशनचे तांदूळ आले की नाही. मग पाहुणा निघतो, घरची बाई त्याला ओहोळापर्यंत पोचवायला येते, आणि पायवाटेवर एकामागे एक चालताना, एकमेकांचं तोंड दिसत नसताना, जे सांगायचं ते सांगून होतं. ओहोळाशी बाई थांबते. तिथून पुढे ते बोलणं जात नाही.

रत्नाला हे कुणी शिकवलं नव्हतं. खर्डीच्या आसपासच्या वाड्यांवर संस्थेची कार्यकर्ती म्हणून ती फिरू लागली तेव्हा नवी नवरी होती. आता तिच्या थोरलीचं लग्न ठरत आलंय. सुरुवातीला ती वही उघडून बसायची, विचारायची, लिहायची, आणि परतताना वाटायचं की आपण भिंतीशी बोलून आलो. मग एकदा वही मिटून पिशवीत गेल्यावर एका बाईने वाटेत तिला सगळं सांगितलं. तेव्हापासून ओहोळाच्या वाटेवर ऐकलेलं रत्नाने कधी लिहिलं नाही. ते ती पोटात ठेवायची आणि त्याच्या जोरावर काम करायची. कुणाला गुपचूप दवाखान्यात न्यायची, कुणाच्या पोरीला आश्रमशाळेत पोचवायची.

यंदा भातकापणी झाल्यावर संस्थेने वह्या काढून घेतल्या आणि फोन दिले. फोनमधलं एआय बोलणं ऐकायचं आणि स्वतःच नोंद लिहायचं. शहापूरच्या ऑफिसातल्या योगिनी मॅडमने सगळ्या कार्यकर्त्यांना ते शिकवलं. योगिनी वयाने रत्नाच्या धाकट्या बहिणीएवढी, पण रत्ना तिला अहो-जाहो करायची. रत्नाला ते आवडलंही. रात्री चुलीजवळ बसून नोंदी उतरवायचं काम गेलं. आपण बोललो ते इतक्या नीटनेटक्या मराठीत वाचताना तिला उगीच मोठं झाल्यासारखं वाटायचं. वाडीवर त्याला 'ऐकणारा फोन' नाव पडलं. भेटीच्या सुरुवातीला विचारायचं असे, फोन ऐकतोय, चालेल ना. सगळ्या चालेल म्हणायच्या. भिमी म्हणाली होती, "तू इचारतेस म्हंजी चालल. नायतर मला काय कळतंय त्यातलं?"

भिमीचा नवरा जाणू टीबीच्या गोळ्यांवर होता. त्या दिवशी रत्ना गेली ती त्याच्याचसाठी. ओट्यावर बोलणं झालं, गोळ्यांची पाकिटं बघून झाली, कोरा चहा झाला. रत्नाने फोनचं कडेचं बटण दाबलं, पडदा काळा झाला, फोन पिशवीत गेला. भिमी पोचवायला निघाली.

वाटेत भिमीने आपल्या लेकीची गोष्ट सांगितली. रविना दिवाळीनंतर सासरहून पळाली होती हे रत्नाला ठाऊक होतं. नवऱ्याने, शामने, तिचा डावा हात मोडला होता आणि हाड वाकडंच बसलं होतं. ती कुठे आहे हे मात्र कुणालाच माहीत नव्हतं, शामलाही नाही. तो वाडीवर दोनदा येऊन गेला. फरपटत नेईन, पण नेईन, असं जाणूच्या खाटेजवळ उभं राहून बोलला.

"म्हशाला हाय ती," भिमी पुढे चालता चालता म्हणाली. "माझी भन लहानी, तिच्याकडं. पोटुशी हाय गो. आता जत्रा सुरू झालीय, शामबी जायचाय म्हनत्यात. पोरगी दाराबाहेर पाय टाकत नाय. माझ्याबिगर कुनाला ठाव नाय, आन आता तुला."

रत्ना म्हणाली, माझ्याकडून कुठे जायचं नाही. ओहोळाशी भिमी थांबली.

खर्डीच्या रिक्षास्टँडवर फोनला रेंज आली आणि तो पिशवीत टिणकला. नोंद तयार होती. रत्नाने चहा सांगितला आणि सवयीने वाचायला घेतली. जाणूच्या गोळ्या, वजन, पुढची तपासणी, सगळं जागच्या जागी. त्याच्याखाली आणखी एक परिच्छेद होता.

'मुलगी रविना शाम (गर्भवती) सध्या म्हसा येथे मावशी लहानी हिच्याकडे वास्तव्यास आहे. पतीकडून मारहाणीची पार्श्वभूमी. सासरच्यांना ठावठिकाणा माहीत नाही. तो गुप्त ठेवावा अशी आईची विनंती.'

तिने ते पुन्हा वाचलं. पडदा काळा झाला म्हणजे फोन झोपला, असं ती धरून चालली होती. पडद्यावरचं लाल बटण दाबून ऐकणं बंद करायचं हे शिकवलं होतं, आणि एरवी ती ते दाबायचीही. पण चहा पिऊन उठलं की भेट संपली, हे तिच्या अंगात इतकं मुरलेलं होतं की पुढच्या वाटेवर ऐकणारं तिसरं कुणी असेल हे मनातच आलं नाही.

नोंदीखाली लिहिलं होतं, कुणाकुणाला पाठवली. प्रत्येक गावात संस्थेचा एक गावमित्र असे, गावातल्या कुटुंबांकडे लक्ष ठेवणारा, आणि त्या कुटुंबांच्या नोंदी त्याच्या फोनवर आपोआप जात. रविनाचं नाव लग्नानंतर सासरच्या कुटुंबात चढलेलं होतं. फोनने नाव ओळखलं, कुटुंब शोधलं, आणि नोंदीची एक प्रत उंबरमाळीच्या अंगाला, तिच्या सासरच्या पाड्याच्या गावमित्राला धाडली. गावमित्र मनोज. शामचा चुलतभाऊ. पोरगा वाईट नव्हता, पण तो आणि शाम एका ताटात जेवत.

मनोजच्या नावापुढे अजून 'पाहिले' आलं नव्हतं. त्यांच्या पाड्यावर रेंज नसते. संध्याकाळी पोरं स्टेशनवर येऊन बसतात, तेव्हा फोन जागे होतात.

चहा तसाच राहिला. तिने योगिनीला फोन लावला आणि जे झालं ते सरळ सांगितलं.

योगिनीने कॉम्प्युटरवर बघितलं आणि सांगितलं की पाठवलेली नोंद मागे घ्यायचा अधिकार आपल्या ऑफिसला नाही, मुंबईच्या ऑफिसला आहे. ते लोक मीटिंगमध्ये आहेत, पण ती पाठ सोडणार नाही.

"मनोजला फोन करू का मी? उघडू नको म्हणून सांगते."

"मॅडम, झाकलेलं मडकं उघडू नको म्हटल्यावर कुणी झाकलेलं ठेवतं का?"

"मग थोडं थांबा. त्याने बघायच्या आत मागे घेतलीही जाईल. भिमीबाईंना आत्ताच काही सांगू नका, उगाच घाबरतील."

हे ऐकून रत्नाला बरं वाटलं, आणि बरं वाटलं याचीच तिला भीती वाटली. थांबायचं. नोंद मागे घेतली गेली तर कुणाला कळणारही नाही. भिमी पुढच्या वेळीही ओहोळापर्यंत येईल, पुढेही सांगत राहील. समोर घराकडे जाणारी रिक्षा भरत होती, एक सीट रिकामी होती. चालवणारा ओळखीचा. तो ओरडला, "येतेस का ताय, का जत्रेला चाललीस?"

"जत्रेलाच," रत्ना म्हणाली.

शहापूरला ती जीपमध्ये बसली. पुढे मुरबाड, मुरबाडहून पुन्हा दुसरी जीप. लहानीकडे फोन नव्हता, की कळवून मोकळं व्हावं. जीपमध्ये सगळे जत्रेचेच. बैल बघायला एक म्हातारा चालला होता आणि त्याची म्हातारी त्याला टोमणे मारत होती की, गोठा मोडून पडलाय, बैल काय ओट्यावर बांधनार? सगळे हसले. रत्ना फोनकडे बघत होती. मनोजच्या नावापुढची जागा कोरी होती. मध्येच रेंज जायची आणि तेवढा वेळ तिला कळायचं नाही की तिथे काय आलं असेल.

म्हशाच्या अलीकडेच गाड्या अडल्या. ती उतरून चालू लागली. रस्त्याच्या कडेने बैलच बैल, शिंगांना रंग, गळ्यात घुंगरमाळा, घोंगड्यांच्या थप्प्या, तव्यावरच्या तेलाचा वास. उन्हं कलली होती. प्रत्येक पाठमोरा तरुण तिला शाम वाटत होता. बैलबाजाराच्या मधोमध योगिनीचा फोन आला. गोंगाटात तिने दुसरा कान हाताने दाबून धरला.

"ताई, नोंद मागे घेतली. पण," योगिनी थांबली, "त्याच्या आधी मनोजने पाहिली."

रत्नाने फोन ठेवला आणि धूळ, बैल, माणसं यांच्यातून वाट काढत ती पळत सुटली. चाळिशीची बाई जत्रेतून पदर खोचून पळतेय हे बघून कुणीतरी शीळ घातली.

लहानीची वाडी गावाबाहेर, वालाच्या शेतापलीकडे. लहानी नुकतीच शिंदीच्या झाडण्या विकून आली होती. अनोळखी बाई बघून ती दारातच आडवी उभी राहिली. रत्नाने नाव सांगितलं, भिमीने पाठवलं का या प्रश्नाला नाही म्हणाली, आणि उंबऱ्याबाहेरूनच सगळं सांगितलं. फोन कसा चालू राहिला, काय लिहिलं गेलं, कुणाकडे गेलं, कुणी वाचलं. काही गाळलं नाही. आत अंधारात रविना उभी होती, वाकडा हात पोटावर धरून.

"वाच," ती म्हणाली.

रत्नाने फोनमधली आपली प्रत वाचून दाखवली. गर्भवती या शब्दाशी तिचा आवाज अडखळला.

"आयेला तू इचारलंस ना, फोन ऐकतोय, चालल का?"

"हो."

"मी तर तिथं नव्हतेच. माझं नाव कुनाला इचारून घातलंस?"

लहानी तोवर कामाला लागली होती. एक गाठोडं, एक घोंगडी, पाण्याची बाटली. ती तोंडातल्या तोंडात रत्नाच्या संस्थेच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होती आणि हात थांबत नव्हते. रत्ना म्हणाली, मी बरोबर येते, माझ्या ओळखीच्या एक बाई आहेत मुरबाडला, पोलिसांतही ओळख आहे. रविनाने मान हलवली.

"तू नको. तू आलीस म्हंजी तुला ठाव झालं." ती उंबरा ओलांडून बाहेर आली. पहिल्यांदाच तिचा चेहरा उजेडात दिसला. अजून पोरच होती. "फोन दे मावशीकडं. आन तोंड तिकडं कर, ताय. मी म्हनेपत्तुर फिरू नको."

रत्नाने फोन लहानीच्या हातात दिला आणि जत्रेकडे तोंड करून उभी राहिली. मागे वालाच्या वेली पायाखाली चुरल्याचा आवाज आला. कुठल्या दिशेला, हे ऐकू येऊ नये म्हणून तिने बैलांच्या घुंगरांकडे कान लावला. रविना काहीच म्हणाली नाही. रत्ना उभीच राहिली. फिरली तेव्हा शेत आणि घर दोन्ही रिकामं होतं आणि फोन उंबऱ्यावर पालथा पडलेला होता.

परतीच्या वाटेवर, जत्रेतल्या पाळण्यांच्या अलीकडे, शाम समोर आला. बरोबर दोघं होते. तो सकाळपासून जत्रेतच असावा; आता त्याच्या हातात फोन होता आणि तो झपाझप चालत होता. रत्नाला बघून थबकला. ती त्याच्या पाड्यावर कितीदा गेली होती.

"रत्नाताय, तुमी हितं?" तो हसला. "नवस फेडायला का?"

"जत्रेला."

"माझी बायको कुठंय?"

आजवर असं विचारणाऱ्या किती नवऱ्यांना, बापांना, भावांना ती खोटं बोलली होती. दर वेळी आवाज सांभाळावा लागायचा.

"मला माहीत नाही," ती म्हणाली, आणि आवाज सांभाळावा लागला नाही.

शामने तिच्या चेहऱ्याकडे निरखून बघितलं. तिथे शोधण्यासारखं काहीच नव्हतं. तो तिला ओलांडून वालाच्या शेताच्या दिशेने गेला. ती तिथेच पाळण्याच्या खांबाशी उभी राहिली. बऱ्याच वेळाने तो त्या दोघांसोबतच परत आला, तोंडात शिव्या, हात रिकामे. मग ती मुरबाडच्या जीपमध्ये बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाडीवर जाऊन तिने भिमीला सांगितलं. ओट्यावरच, जाणूच्या समोर. भिमी ऐकत राहिली, मग उठून आत गेली आणि रत्ना निघेपर्यंत बाहेर आली नाही. पोचवायला कुणी आलं नाही. इतक्या वर्षांत ओहोळापर्यंतची वाट रत्ना पहिल्यांदा एकटी चालली.

पुढच्या महिन्यात शहापूरला बैठक झाली. योगिनीने मुंबईच्या लोकांसमोर झालं ते सगळं मांडलं, स्वतःचं 'थोडं थांबा'सुद्धा. गावमित्रांना आपोआप नोंदी जाणं बंद झालं. ज्याचं नाव नोंदीत येईल त्याला ती वाचून दाखवल्याशिवाय पुढे सरकवायची नाही, हे रत्नाने लावून धरलं आणि ते मान्य झालं. एक साहेब म्हणाले, यात फार वेळ जाईल. रत्ना म्हणाली, जाईल.

जाणूच्या गोळ्या चालूच होत्या, त्यामुळे भिमीच्या ओट्यावर तिला जावंच लागे. भिमी विचारेल तेवढं सांगायची, चहाही द्यायची, पण उठायची नाही. होळी जवळ आली. एके दिवशी रत्ना निघाली तशी भिमी उठली, तिच्या खांद्यावरची पिशवी काढून घेतली आणि ओट्याच्या लाकडी मेढीला टांगली, फोनसकट.

"हितं राहू दे," ती म्हणाली. "येताना घे."

दोघी वाटेला लागल्या, भिमी पुढे, रत्ना मागे. पळसाला फुलं आली होती. भिमी खेकड्यांचं बोलली, यंदा मोहाला फूल बरं आहे असं म्हणाली. रविनाचं नाव तिने काढलं नाही आणि रत्नाने विचारलं नाही. ओहोळाला पाणी उरलं नव्हतं, नुसते दगड होते. तिथे भिमी थांबली. रत्नाही थांबली, तिला पिशवी आणायला माघारी जायचंच होतं.