पोस्टकार्डाएवढं चित्र बघायला मोहाडीला

लोक लडाखला जातात, मी मोहाडीला गेलो. भंडाऱ्यातल्या आमच्या घरापासून अर्ध्या-पाऊण तासाचा रस्ता. तुमसर रोडनं सरळ निघायचं, दोन्हीकडे धानाच्या बांध्या. गाडीत शंभरचं पेट्रोल टाका, उरेल.

कारण श्वेता, कॉलेजात माझ्या वर्गातली. आठ महिन्यांनी तिचा फोन आला आणि मी 'कशी आहेस' म्हणायच्या आत ती म्हणाली, "सोमवारी वर्गात त्या प्रिंटवर बोलायचंय. त्याची एक प्रत मोहाडीत एका विणकराकडे आहे म्हणे. बघून येशील?"

याच प्रिंटपायी मी नागपूरचं आर्ट कॉलेज सोडलं. एका मोठ्या आधुनिक चित्रकारानं म्हातारपणी केलेलं छोटंसं काम. वर गच्च काळं, त्यातून बारीक उभ्या रेघा खाली येतात आणि कागद संपायच्या आधीच थांबतात. सर म्हणाले, "इथे कलावंताला मृत्यू दिसला." मी उठून म्हणालो, "हे प्रेम आहे." सरांनी विचारलं, "कसं?" मला सांगता येईना, कारण मी चित्राकडे नाही, श्वेताकडे बघत होतो. वर्ग हसला. मी दार आपटून निघालो, ते थेट भंडाऱ्याला.

मोहाडीत स्टँडजवळ तर्री-पोहे खा. तर्री मागाल तेवढी देतात, पाणी मात्र आपलं न्या. तिथून कोष्टीपुऱ्यात त्या विणकराचं, गोपाळकाकांचं घर कोणीही दाखवतं. प्रिंट मागाच्या वर, कॅलेंडरशेजारी खिळ्याला होतं. चित्रकार एका हिवाळ्यात आठवडाभर त्यांच्याकडे राहिले होते, पुढे हे पोस्टानं आलं.

सरांना चित्रात दिसलेला मृत्यू मी काकांना सांगितला. काका चष्मा पुसत म्हणाले, "मरन कुठं दिसलं बा तुमच्या सरले? मागाकडं पाह्य ना."

मागावरून कोशाच्या रेशमाची साडी नुकतीच उतरली होती. मागावर गच्च विणलेली शेवटची पट्टी आणि तिच्यापुढे वीतभर मोकळे धागे तसेच ठेवलेले. हुबेहूब चित्र.

"साडी संपली त हे कापून फेकत नाई," काका म्हणाले. "नवा ताणा, म्हंजे उभे धागे, ह्याच धाग्याईले एकेक करून जोडावं लागते. तो म्हातारा दिवसभर हेच पाहत बसे."

म्हणजे रेघा संपल्या नव्हत्या, जोडण्यासाठी राखल्या होत्या. म्हणजे प्रेमच. म्हणजे मी बरोबर होतो. हे सगळं मी जरा मोठ्यानं बोललो असणार, कारण काकू आतून लाखोरीच्या डाळीचं वरण ढवळता ढवळता म्हणाल्या, "प्रेम बसल्या बसल्या होत नाई बाबू. दोन दिवस मान खाली घालून गाठी माराव्या लागतात. जमन का तुले?"

"न जमायला काय झालं?" म्हणून मी बसलो. सहा गाठी मारल्या. सातवा धागा ओढला तसा तुटला. मी शिवी हासडली.

"त्याले कायले शिव्या देतं?" काकू म्हणाल्या. "ओढला कोणं?"

वरणभात जेवून निघालो. पैसे विचारू नका, रागावतात. त्यांच्याकडचा रुमाल विकत घ्या.

मोहाडीच्या बाहेर गाडी थांबवून श्वेताला फोटो आणि सगळी हकीकत पाठवली. शेवटी लिहिलं, 'काही गोष्टी संपत नसतात.' दहा मिनिटांनी उत्तर आलं. 'भारी. पण बघून तू आलास, तर वर्गात तूच सांग. आधी सरांना सॉरी म्हण. बाकीचं मग बघू.'

सॉरी, आणि मी? तीन उत्तरं लिहिली, तिन्ही पुसली. चौथं गेलं, 'येतो.'

घरी येऊन काय उरलं म्हणाल, तर बोटाला अडकलेला कोशाचा एक धागा. आणि 'बाकीचं मग', त्यावर मी दोन दिवस जगतोय. आरशासमोर सॉरीची तालीम चालू आहे. पहिल्यांदा म्हटलं तेव्हा आईनं विचारलं, "कोणाशी भांडून राहिला रे?" आता ती नुसती बघते. सोमवारी पहिल्या एसटीनं नागपूरला जाणार असाल, तर ड्रायव्हरच्या मागची खिडकी सोडा. तिथे मी असेन, मान खाली घालून.