प्रगतीच्या शेजारची शाळा

नांदेडहून येताना नायगावच्या अलीकडे, औद्योगिक वसाहतीला लागून आमची आश्रमशाळा आहे. किनवटच्या डोंगरातली गोंड आणि कोलामांची मुलं तिथं आणून ठेवतात. एवढ्या लांब का, असं मी रुजू झाले तेव्हा विचारलं होतं. एक साहेब म्हणाले, "कारखान्याच्या शेजारी राहिली की मुलांना प्रगतीची सवय लागते." सवय लागली ती खोकल्याची. वारा आमच्याकडं फिरला की आम्ही खिडक्या लावून घ्यायचो आणि त्या उकाड्यात मुलं औद्योगिक विकासावर निबंध लिहायची.

मी स्वतः गोंडाची, विज्ञान शिकवते. शेजारच्या कारखान्यानं एका वर्षी आमची शाळा दत्तक घेतली. या मुलांचे आईबाप जिवंत होते, पण त्यांना विचारावं असं कुणाला वाटलं नाही. सूक्ष्मदर्शकं आली, परीक्षानळ्या आल्या, उद्घाटन झालं, फोटो निघाले आणि मुख्याध्यापकांनी खोलीला कुलूप घातलं. किल्ली मागितली की ते म्हणायचे, "वर्षपूर्तीला पाहुणे येतील मॅडम, तोवर सामान नवं दिसलं पाहिजे."

त्या वर्षपूर्तीला मुलींना पानांचे झगे घालून नाचवायचं ठरलं.

"सर, आमच्यात असं कुणी घालत नाही," मी मुख्याध्यापकांना म्हणाले. "आई लुगडं नेसायची. पाला आम्ही शेळ्यांना टाकायचो."

"तुम्हाला माहीत आहे हो. पाहुण्यांना कुठं माहीत आहे?"

भाषणाला नववीतली एक कोलाम मुलगी निवडली. विज्ञानात वर्गात पहिली. सरांनी तिच्याकडून पाठ करून घेतलं की प्रयोगशाळेमुळं आमचं जीवन उजळलं आणि मोठी होऊन मला याच कारखान्यात पॅकिंगचं काम करायचं आहे. स्वप्न पोरीचं, ठरवणारे सर.

ती मंचावर गेली, मान्यवरांना नमस्कार केला, पहिलं वाक्य म्हणाली आणि थांबली. मला वाटलं, विसरली.

"पुढचं खोटं हाय," ती शांतपणे म्हणाली. "प्रयोगशाळा आम्ही खिडकीतून बघतो. साहेब आलेच हायेत तर आज उघडायला सांगा."

कारखान्याचे साहेब हसले. "फार कॉन्फिडन्स आहे," म्हणाले आणि टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच वाजवल्या. खोली मात्र उघडली नाही. जेवणाला उशीर होत होता.

मुख्याध्यापकांनी तिच्या वडिलांना बोलावून घेतलं. नांदेडला एसटी बदलून ते आले आणि ऑफिसात उभेच राहिले, कारण बसा असं कुणी म्हटलं नाही.

"पोरीला आवर घाला," सर म्हणाले.

"खोटं बोलली का ती?"

"खोटं नाही हो. पण पाहुण्यांसमोर?"

वडील माझ्याकडं वळले. कोलामांना गोंडीही येते; त्यांनी मला गोंडीतच विचारलं, दुसरी शाळा आहे का कुठं?

"काय म्हणतो?" सरांनी मला विचारलं.

"तुमची तब्येत विचारतात," मी म्हणाले.

त्याच आठवड्यात त्यांनी मुलीला नेलं. किनवटला माझी बहीण राहते, तिच्या घरी राहून मुलगी तिथल्या शाळेत दहावी झाली. आता नांदेडला बी.एस्सी. करतेय. शाळेनं तिचं नाव पुन्हा काढलं नाही. तिचा दहावीचा निकाल लागला तेव्हा मला मात्र एवढा आनंद झाला की मी स्टाफरूममध्ये पेढे वाटले आणि कशाचे ते सांगितलं. सरांनीही दोन उचलले.

यंदा कारखान्यानं कौशल्यविकास आणलाय. माझ्या विज्ञानाच्या तासाला एक प्रशिक्षक येतो आणि मुलींना पुठ्ठ्याचे खोके जोडायला शिकवतो. पहिल्याच दिवशी तो कौतुकानं म्हणाला, "या मुलींचे हात लई चपळ असतात बघा, जातीचेच."

"तुमची मुलगी काय करते?" मी विचारलं.

"लातूरला ठेवलीय. डॉक्टरकीच्या क्लासला."

"तिला आले का खोके जोडायला?"

त्याला माझा प्रश्नच कळला नाही. "तिला कशाला?" तो म्हणाला आणि पुढच्या बाकावरच्या मुलीला पुठ्ठ्याची घडी कुठं मोडायची ते दाखवू लागला.