चुकीच्या ग्रुपवर गेलेली आई

वर्धेजवळच्या आंजीच्या बाजारात माझं कापडाचं दुकान आहे. वय बेचाळीस. दुपारची जेवणं झाली की गिऱ्हाईक पांगतं, आणि मग मी गल्ल्याखाली मोबाइल धरून ॲनिमे पाहतो. जपानमध्ये तयार होणाऱ्या त्या चित्रांच्या मालिका. एका कानात इयरफोन, दुसरा कान गिऱ्हाइकासाठी मोकळा. कोणी पायरी चढलं की मोबाइल उलटा. बायकोला वाटायचं मी क्रिकेट पाहतो. शेजारच्या भांडेवाल्याला वाटायचं मी शेअर बाजार पाहतो. शेअर बाजारवाला माणूस जरा हुशार वाटतो, म्हणून मी त्याला तसंच वाटू दिलं.

ही सवय लागली ती पाय मोडून घरी पडलो होतो तेव्हा. वेळ जात नव्हता. मोबाइलवर हिंदीत बोलणारी एक चित्रमालिका आपोआप सुरू झाली आणि ती संपेपर्यंत मी दुसरं काही पाहिलं नाही. पाय बरा झाला, हे काही सुटलं नाही. पुढे तर हिंदी आवाज नकोसे झाले. जपानी आवाज ऐकायचे आणि खाली अक्षरं वाचायची, इथवर मजल गेली.

मग एक ग्रुप सापडला. वर्धा-नागपूरकडची कॉलेजची पोरं-पोरी. नवा भाग आला की तिथे अशी भांडणं चालायची की कोणाला वाटावं शेतीचा वाद आहे. हा सीन उगाच ताणला, त्या पात्राचं वागणं मूळ पुस्तकात असं नव्हतं, मारामारीची चित्रं चांगली पण रडणं खोटं. मी आधी नुसता वाचायचो. मग हळूहळू आवाज रेकॉर्ड करून टाकायला लागलो, कारण टाइप करायला माझी बोटं मंद. माझा आवाज बारीक आहे. पोरं मला त्यांच्याच वयाचा समजायची. "भाऊ, तू सांग, तुले काय वाटते?" असं विचारायची. दुकानात मला कोणी मत विचारत नाही. रंग जाईल का, एवढंच विचारतात. म्हणून वय सांगायचं मी टाळत गेलो.

त्या दिवसांत आम्ही सगळे एक मालिका पाहत होतो. डोंगरातल्या लहानशा रेल्वे स्टेशनवर एक बाई खाणावळ चालवते, आणि तिचा मुलगा दूर शहरात घंटा ओतायचं काम शिकायला गेलेला असतो. मारामारी नाही, भुतं नाहीत. वर्धेत शिकणारी एक मुलगी ग्रुपमध्ये सगळ्यात तिखट बोलायची. ती म्हणायची, या मालिकेत भाजी चिरण्याशिवाय काही होतच नाही. मी म्हणायचो, थांब जरा.

आणि मग त्या आठवड्याच्या भागात मुलगा घरी येतो. खाणावळीचं दार उघडं. चुलीवर गंज, म्हणजे आमच्याकडचं पातेलं, उकळतो आहे. आई दिसत नाही. पुढे कितीतरी वेळ पडद्यावर फक्त तो गंज आणि त्याची वाफ. मग शेजारची म्हातारी येऊन मुलाच्या खांद्यावर हात ठेवते. झालं. मरण दाखवलंच नाही.

मी दुकानात रडलो. नुसते डोळे भरून आले असं नाही, तोंडात उपरणं कोंबून रडलो. ग्रुपमध्ये लगेच सांगावंसं वाटलं. मोबाइलची बॅटरी संपत आली होती, म्हणून घाईत बटण दाबून बोललो: "आई गेली. काहीच कल्पना नोयती. पोरगा घरी आला त गंज उकळून राह्यलता अन् आई गेल्ती. मी दुकानात बसून रडून राह्यलो. थोड्या वेळानं बोलतो."

नेमकं त्याच क्षणी आमच्या नात्यागोत्याच्या ग्रुपवर कोणीतरी गुलाबाचं फूल टाकलं होतं. तो ग्रुप उडी मारून वर आला आणि माझं बोट त्याच्यावर पडलं. मला हे नंतर कळलं. तेव्हा मी मोबाइल चार्जिंगला लावला, भांडेवाल्याला दुकानावर लक्ष ठेवायला सांगितलं आणि बसस्टॉपवर गेलो. वर्धेहून येणाऱ्या गाडीत साड्यांचा गठ्ठा यायचा होता.

माझी आई तेव्हा हिंगणीला होती, माझ्या बहिणीकडे. बहिणीला शाळेत जाणारा मुलगा आहे. त्यांचं शेत बोरच्या जंगलाला लागून, तिथे मोबाइलला रेंज मिळत नाही, आणि त्या दिवशी दोघी मायलेकी शेतातच होत्या. म्हणजे ज्यांनी ज्यांनी माझा आवाज ऐकला त्यांना सगळं जुळत गेलं. पोरगा म्हणजे भाचा. तो शाळेतून आला, चुलीवर गंज, आणि आजी गेलेली. हिंगणीला फोन लावला तर लागत नाही. मला लावला तर दुकानात वाजतो आहे. शेवटी भांडेवाल्याने तो उचलला आणि पलीकडून माझी चुलत बहीण हंबरडा फोडून रडत होती.

बस उशिरा आली. गठ्ठा मोटरसायकलवर बांधून मी परत आलो तर आमच्या ओळीतली सगळी शटरं अर्धी खाली. बाजारात कोणाच्या घरी माणूस गेलं की असं करतात. मी गाडी थांबवून चहावाल्याला विचारलं, "कोण गेलं बे?"

हातातली किटली खाली ठेवून त्याने माझा हात धरला. मग भांडेवाला आला, अनवाणी. म्हणाला, "हिंमत धर. आई साऱ्याइचीच जाते एक दिवस."

मी तिथेच रस्त्यावर बसलो. माझी आई गेली, असं मला लोक सांगत होते आणि मी ते मानलं. न मानायचं काही कारणच नव्हतं, एवढी माणसं थोडीच खोटं बोलतील. मला आधी एवढंच सुचलं, की ती शेतात पडली असेल. मी ओरडून विचारलं, "कसं झालं? कोणं सांगतलं?"

लोक एकमेकांकडे पाहायला लागले. भांडेवाला म्हणाला, "काऊन? तूच त टाकलं ना ग्रुपवर."

चार्जिंगवरून काढलेला माझा मोबाइल त्याने माझ्या हातात दिला. नात्यागोत्याचा ग्रुप उघडून दाबलं, तर माझाच आवाज लागला. गंज उकळून राह्यलता.

पुढचं मी कसं बोललो मला आठवत नाही. एवढं आठवतं की "कार्टून" हा शब्द मला तीन-चारदा उच्चारावा लागला, कारण पहिल्यांदा कोणाला समजलाच नाही. "कार्टूनमधली आई?" चहावाल्याने विचारलं. मी हो म्हटलं. "लहान पोरं पाह्यते ते?" मी पुन्हा हो म्हटलं. ॲनिमे म्हणजे लहान मुलांचं कार्टून नव्हे, हे ग्रुपमध्ये मी कितीदा ठासून सांगितलं होतं. तिथे, अर्ध्या शटरांसमोर, ते सांगायची माझी हिंमत झाली नाही. मागे कोणीतरी हसू दाबलं. मग एकेक शटर वर जायला लागलं. तो खडखडाट ऐकत मी गठ्ठा सोडत उभा राहिलो.

घरी बायको भिंतीला टेकून बसली होती, शेजारच्या बायका भोवती. मी सांगितल्यावर त्या बायका पदर सावरत निघून गेल्या. बायको इतकंच म्हणाली, "मी तुमच्या नावानं रडली नसती एवढी." म्हणजे काय ते मी विचारलं नाही.

मी ग्रुपवर लिहिलं, आई ठीक आहे, चुकून गेलं, माफ करा. ज्याला त्याला फोन केले. बातमी गावात ऐकून बहिणीचा नवरा तोवर शेतावर धावत जाऊन आईला गाडीवर बसवून निघालाही होता. एकच माणूस राहिला, मामा. आईचा थोरला भाऊ, तळेगावला राहतो, सत्तरी ओलांडलेला. मुलाकडून बातमी ऐकून तो एकटाच एसटीत बसून निघाला होता. मोबाइल खिशात, पण त्याला तो ऐकू येत नाही.

मामा संध्याकाळच्या उन्हात आमच्या दारात आला. हातात कापडी पिशवी. आमच्याकडे बाई गेली की तिच्या अंगावर शेवटचं लुगडं माहेरचं घालतात, ते तो घेऊन आला होता. दारात माणसं नाहीत, तिरडी नाही, म्हणून तो गोंधळून फाटकाशी थांबला. आणि समोर ओसरीवर आई मेथी निवडत बसलेली.

"दादा? तू कसा आला रे?" आई म्हणाली. तिला तोवर सगळं सांगितलं होतं, पण मामाचं सांगायला मी घाबरलो होतो.

मामा तिथेच पायरीवर बसला. पिशवी मांडीवर घट्ट धरली. तो मला ओरडेल असं वाटत होतं, मला ते हवंही होतं. पण तो रडायला लागला, तोंड उघडं ठेवून, लहान मुलासारखा. आई उठून त्याच्याजवळ गेली, त्याची टोपी काढून त्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "हाओ ना मी. हाओ ना. पाह्य."

"साऱ्या रस्त्यानं," मामा म्हणाला, "मी हेच म्हणून राह्यलो, का दिवाळीले तू बलावलं अन् मी आलो नाई."

मी पाण्याचा तांब्या घेऊन उभा होतो. कोणी घेईना.

बऱ्याच वेळाने मामाने डोळे पुसले आणि मला विचारलं, "मंग कोणाची आई गेली, बाबू?"

माझ्या उभ्या आयुष्यात मला इतका अवघड प्रश्न कोणी विचारला नाही. मी सांगायला लागलो. जपानात एक स्टेशन आहे, खरं नाही, चित्रातलं. तिथे एक बाई खाणावळ चालवते. ग्रुपमध्ये मी या मालिकेवर तासभर बोलू शकत होतो, पण मामापुढे दोन वाक्यांत सगळं संपलं. मामा समजूतदारपणे मान हलवत होता. त्याला काहीच कळलं नव्हतं आणि तो माझ्यासाठी कळल्यासारखं करत होता, हे मला दिसत होतं.

आई मेथीच्या काड्या गोळा करत होती. वर न पाहता म्हणाली, "तू त्या बाईसाठी रडला, का माह्यासाठी?"

"दोघीइसाठी," मी म्हणालो.

"आधी कोणासाठी?"

मी हातातला तांब्या खाली ठेवला. ती रागावलेली नव्हती, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं, म्हणून मला ते जास्त लागलं. आणि खरं तर मला जे लपवायचं होतं ते वेगळंच होतं. रस्त्यावर बसलो तेव्हा, आई गेली असं मानलं तेव्हा, माझ्या डोळ्यांसमोर तिचा चेहरा आला नव्हता. तो गंज आला होता आणि त्याची वाफ. माझ्या आईच्या मरणासाठी माझ्याकडे स्वतःचं चित्र नव्हतं. हे मी तिला सांगितलं नाही. बायकोलाही नाही.

मामा दोन दिवस राहिला. निघताना त्याने लुगड्याची पिशवी तशीच उचलली, तर आईने ती त्याच्या हातातून घेतली. "आणलं त राहू दे. नेसतो मी जित्तेपणीच." नातेवाईक म्हणाले, मेल्याची खोटी बातमी उठली की आयुष्य वाढतं, चांगलंच झालं. त्या चांगल्याचं श्रेय मी स्वतःकडे घेत नाही.

पोरांच्या ग्रुपमध्ये तोवर भांडण पेटलं होतं. वर्धेच्या त्या मुलीने लिहिलं होतं की स्टुडिओचे पैसे संपले म्हणून गंज दाखवत बसले, याला कला म्हणू नका. बाकीचे तिच्यावर तुटून पडले होते. मला विचारत होते, भाऊ, तू कुठे आहेस, तुझाच आवडता शो आहे हा. मी काय झालं ते सगळं टाइप करून टाकलं. दुकान, बाजार, मामा. वयसुद्धा. आधी हसण्याची चित्रं आली, ओळीने. मग ती मुलगी म्हणाली, "काका, सॉरी. आम्हाले माहीत नव्हतं."

कशाबद्दल सॉरी, ते मला समजलं नाही. पण त्यानंतर माझ्याशी कोणी भांडलं नाही. मी काही म्हटलं की "बरोबर आहे काका" असं येतं. वर्धेची ती मुलगीसुद्धा तसंच म्हणते. मालिकेचे उरलेले भाग मी पाहिले, शेवट मला पटला नाही, पण तसं लिहिलं नाही.

बाजारात अजून चालू आहे. मी दुकान उघडायला उशीर केला की भांडेवाला विचारतो, आज कोण गेलं? घरी पाहुणे आले की आई हा किस्सा सांगते. तिला तो आता छान जमतो. मामा फाटकाशी कसा थांबला, ते ती उभी राहून करून दाखवते. पाहुणे पोट धरून हसतात आणि मग माझ्याकडे पाहतात. मीही हसतो, आणि चहा झाला का पाहायला आत जातो.