मे महिन्यातली खुर्ची

"वीज वाचली, हे समजलं. आत बसणाऱ्या माणसाले कसं वाटून राहिलं, ते सांग वं!"

नागपुरात, सीताबर्डीच्या कार्यालयात माझ्या पहिल्याच आराखड्यावरची नजर न काढता बारापात्रे सरांनी हे विचारलं होतं. आर्किटेक्टची पदवी माझ्या हाती नुकतीच आलेली. आज सर पंच्याहत्तर वर्षांचे होत आहेत, आणि यंदाच्या मे महिन्यात जे पाहिलं, त्यानंतर ते वाक्य मला झोपेतही ऐकू येतं.

वर्षभर लागेल तेवढी वीज स्वतःच तयार करणाऱ्या इमारती, हे सरांचं आयुष्यभराचं काम. छतावरचे सौर पॅनेल, उन्हाप्रमाणे हलणाऱ्या झडपा, संगणकाच्या हुकमावर चालणारे एसी, हे सगळं त्यांनी आम्हा तरुणांच्या आधी शिकून घेतलं. पण त्यांची एक रीत या यंत्रांहून जुनी आहे. इमारत सोपवण्याआधी ते मे महिन्यातली एक दुपार सर्वांत वरच्या, पश्चिमेकडच्या खोलीत खुर्ची टाकून एकटे बसतात, आणि ऊन उतरेपर्यंत उठत नाहीत. सर उमरेडच्या विणकरांच्या घरातले. लुगडं गालाला लावून पाहिल्याशिवाय वडील त्याची घडी घालत नसत, असं ते सांगतात.

यंदा हुडकेश्वरच्या मुलींच्या वसतिगृहात सर असेच बसले होते. मी तळमजल्यावर संगणकाच्या पडद्यासमोर. खोलीचं तापमान सुखाचं दिसत होतं, विजेचा वापर आमच्या अंदाजाहूनही कमी. आम्ही पेढेसुद्धा मागवले. सरांना सांगायला फोन केला, तो कुणी उचलेना. वर धावले, तर सर जमिनीवर पडलेले. शर्ट ओलाचिंब, ओठ कोरडे. खोलीची नुसती भट्टी झालेली. खोलीत लावायचा तापमानाचा सेन्सर जिन्याच्या गार भिंतीवर बसवला गेला होता. त्याच्या हिशेबी सगळं थंड होतं, म्हणून एसी सुरूच झाला नव्हता. वाचलेल्या ज्या विजेचं आम्ही कौतुक करत होतो, ती अशी वाचली होती.

सावलीत आणून अंग ओलं केल्यावर सरांनी डोळे उघडले, मीठ-साखरेचं पाणी घेतलं.

"रडते काहून? पोरी राहायला यायच्या आधी समजलं ना?"

"सर, तुम्हाला काही झालं असतं म्हणजे? आणि आम्ही खाली पेढे मागवत होतो!"

"मले काय होते! अन् ते पेढे आणले म्हणते? वापस कर आधी."

माझी मुलगी तान्ही असताना याच सरांनी कामाच्या बैठका माझ्या घरी घेतल्या होत्या. ती रडली की बोलणं न थांबवता पाळणा तेच हलवत. दुसऱ्याचा जीव इतका जपणारा माणूस स्वतःचा इतका कसा विसरतो, हे मला आजही कळलेलं नाही.

सेन्सर जागेवर गेला, मुली राहायला आल्या. सर, तुम्हाला निरोगी दीर्घायुष्य लाभो, एवढं लिहून मला थांबता येत नाही. पुढच्या मे महिन्यात जरीपटक्याचा दवाखाना तयार होईल. तुम्ही नाहीच म्हणणार, हे ठाऊक असूनही सगळ्यांदेखत मागते: त्या दुपारी खुर्चीवर मला बसू द्या. तुम्ही खाली पडद्यासमोर बसा, आणि मला कसं वाटून राहिलं, ते फोनवर विचारत राहा.